तीन वर्षं बिनपगारी मॉडरेटर: आता पैसे मागता येतील का?

पत्र, थोडक्यात: "मी नाशिकला राहते. तान्ह्या मुलांच्या आयांसाठी असलेल्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर तीन वर्षं मॉडरेटर आहे. ग्रुप बाळांच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीचा, ॲडमिन कंपनीच्या पगारावरचे. आम्ही मॉडरेटर सहा जणी, सगळ्या विनामूल्य. त्यातली एक अमेरिकेत, नवऱ्याच्या व्हिसावर. दर रविवारी ड्युटी चार्ट येतो. माझी वेळ रात्री नऊ ते अकरा, सातही दिवस. सुट्टी दोन दिवस आधी विचारून घ्यायची, आठवड्याचा रिपोर्ट भरायचा. कंपनीच्या वस्तूंबद्दल तक्रारीची पोस्ट आली की उडवायची, ऑफरची पोस्ट पिन करायची. दिवाळीला हॅम्पर आणि दीड हजाराचं कूपन मिळतं. गेल्या महिन्यात ग्रुपमधून काढलेल्या एका माणसाने मला मेसेंजरवर घाणेरडे मेसेज आणि धमक्या पाठवल्या. ॲडमिन म्हणाले, ब्लॉक करा. आता 'स्वयंसेवक करार' सहीसाठी आलाय. आम्हाला पैसे मागायचा हक्क आहे का? मागितले तर काढतील का? सोडलं तर अडकवतील का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं तीन तऱ्हेची आहेत. मागच्या तीन वर्षांचे पैसे कायद्याने वसूल करणं अवघड आहे. अशक्य नाही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पुढच्या कामाचे पैसे मागणं तुमच्या हातात आहे आणि ते लेखी मागा. मागितल्यावर ते तुम्हाला काढू शकतात, म्हणून एकटीने मागू नका. सोडायचं ठरवलंत तर आज रात्री अकरालाही सोडू शकता. तो करार मात्र आत्ता सही करू नका.

प्रत्येक मॉडरेटरला पगार मिळावा असं आमचं म्हणणं नाही. सोसायटीचा ग्रुप, किल्ले फिरणाऱ्यांचा ग्रुप, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा ग्रुप सांभाळणारी माणसं हौसेने सांभाळतात. ग्रुप त्यांचा असतो, नियम ते ठरवतात, दोन दिवस बघितलं नाही तरी कोणी जाब विचारत नाही. रेडिटसारख्या चर्चेच्या वेबसाइटवर मामला अर्धामुर्धा आहे. समूह लोकांनी उभे केलेले, पण कमाई कंपनीची. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार रेडिटवरच्या मॉडरेटरांचं फुकट काम दिवसाला किमान 466 तास भरतं आणि त्याची किंमत वर्षाला सुमारे 34 लाख डॉलर होते. तुमचं प्रकरण तिसऱ्या तऱ्हेचं आहे. ग्रुप कंपनीचा, वेळ कंपनी ठरवते, सुट्टी कंपनी देते, काम तिच्या विक्रीच्या सोयीचं. 'बिनपगारी फुल अधिकारी' म्हणतात, पण तुमच्याकडे अधिकारही नाही. फेसबुकवर मॉडरेटर पोस्ट मंजूर करू शकतो, सदस्य काढू शकतो. ग्रुपची सेटिंग बदलणं किंवा ॲडमिनला हटवणं त्याच्या हातात नसतं.

अशा प्रकरणातला सगळ्यात उपयोगी खटला अमेरिकेतला आहे, एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीवरचा. नव्वदच्या दशकात तिच्या चॅटरूम आणि चर्चाफलक हजारो स्वयंसेवक सांभाळत. त्यांना 'कम्युनिटी लीडर' म्हणत. आठवड्याला ठरलेले किमान तास, ठरलेल्या पाळ्या, कामावर रुजू होण्याआधी प्रशिक्षण, पाळी संपल्यावर रिपोर्ट. बदल्यात इंटरनेटचं खातं फुकट. कंपनी तासावर पैसे घ्यायची तोवर या फुकट खात्याला मोल होतं. 1996 च्या शेवटी महिन्याला 19.95 डॉलर असा एकच दर आला आणि तेवढ्याच कामाचा मोबदला एका झटक्यात 20 डॉलरवर आला. 1999 मध्ये काही स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा केला: आम्ही नोकरच होतो, किमान वेतन द्या. दावा मुळातच काढून टाकावा ही कंपनीची मागणी 2006 मध्ये न्यायालयाने फेटाळली आणि 2010 साली दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. अकरा वर्षं गेली, आणि तडजोड झाल्यामुळे 'हे नोकर होते' असा निकाल शेवटी लागलाच नाही.

त्याच्या शेजारी दुसरा खटला ठेवा. हफिंग्टन पोस्ट या बातम्यांच्या वेबसाइटवर फुकट लिहिणाऱ्या ब्लॉगरांनी 2011 मध्ये, साइट विकली गेल्यावर, नफ्यात वाटा मागितला. 2012 मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असून तुम्ही लिहिलंत, बदल्यात प्रसिद्धी घेतलीत, आता सौदा बदलता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. ब्लॉगरांना पाळी नव्हती, रिपोर्ट नव्हता, वाटेल तेव्हा लिहायचं. एओएलवाल्यांना हे सगळं होतं. तुमचा ड्युटी चार्ट तुम्हाला एओएलच्या बाजूला नेतो. म्हणून मागचे सगळे चार्ट, रजा मागितल्याचे मेसेज आणि 'आज तुम्ही नऊला ऑनलाइन नव्हता' असे जाब विचारणारे मेसेज जपून ठेवा. गोड बोलून केलेल्या आभाराच्या मेसेजपेक्षा ते कितीतरी मोलाचे आहेत.

आता आपल्याकडचं. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यात कर्मचारी म्हणजे आस्थापनेने 'वेतनावर' नेमलेली व्यक्ती. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार आले, याचा बराच गाजावाजा झाला. पण त्या व्याख्यांतही काम 'मोबदल्यासाठी' असावं लागतं. जिला काहीच मिळत नाही, ती दोन्हीकडून बाहेर राहते. कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी हेच बोट दाखवेल.

तुमच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. मालक-नोकर नातं आहे का, हे कागदावरच्या नावावरून ठरत नाही. सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या अगरियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच कसोटी घालून दिली: काय करायचं एवढंच नव्हे, कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पुढच्या निकालांत तिच्यात भर पडली: नेमणूक कोण करतं, काढतं कोण, शिस्त कोण लावतं, पैसे कोण देतं. अंगणवाडी सेविका 'मानसेवी' आणि त्यांना मिळतं ते 'मानधन', असं सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं. तरी एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं ठरवलं. फरक एवढाच की त्यांना दरमहा काहीतरी मिळत होतं. तुमच्याकडे वर्षातून एकदा दीड हजाराचं कूपन आहे, आणि ते वेतन आहे हे पटवणं जड जाईल.

यापेक्षा सरळ वाट भारतीय करार अधिनियमाच्या कलम 70 ची आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायची. सगळं 'फुकट करण्याचा हेतू नव्हता' यावर अडतं. मागच्या तीन वर्षांत तुम्ही तसं कुठे लिहिलंय का? पैसे मागितलेत का? कंपनीने 'पुढे बघू', 'पुढच्या वर्षी मानधन सुरू करतोय' असं काही म्हटलंय का? तसा एक मेसेज जरी असला तरी चित्र बदलतं. नसला तर आजपासून हेतू लेखी ठेवा. 'या तारखेपासून आम्ही हे काम विनामूल्य करण्यास तयार नाही' असं कळवल्यावरही कंपनीने चार्ट पाठवला आणि तुम्ही काम केलंत, तर त्या तारखेनंतरच्या तासांसाठी तुमची बाजू आजच्यापेक्षा खूप पक्की असेल. अशा दाव्याची मुदत तीन वर्षं असते, त्यामुळे सुरुवातीचे महिने दर आठवड्याला हातातून सुटत चाललेत हेही ध्यानात असू द्या.

कराराचा मसुदा तुम्ही पाठवलेला नाही, पण अशा करारांत चार गोष्टी हमखास असतात. पहिली, 'आजवरचं काम स्वेच्छेने व मोबदल्याच्या अपेक्षेविना केले'. या एका ओळीवर सही केलीत की कलम 70 चा रस्ता तुम्हीच बंद केलात. करार तुमच्यापुढे आत्ता, तीन वर्षांनी, का आला याचं उत्तर बहुधा इथेच आहे. दुसरी, तुमच्या कृतीमुळे कंपनीचं नुकसान झालं तर भरपाई तुम्ही द्यायची. फुकट काम करणाऱ्याने ही जोखीम कधीच घेऊ नये. तिसरी, तुम्ही लिहिलेल्या सगळ्या मजकुराचे हक्क कंपनीला. कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. नोकर नसलेल्याने लिहिलेलं त्याचं स्वतःचं असतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर व्हायला लेखी हस्तांतरण लागतं. 'वरचं दूध कधी', 'लसीनंतर ताप आला तर', 'बाळ रात्रभर रडतंय' अशा पिन केलेल्या माहितीच्या पोस्ट तुम्ही लिहिल्या असतील तर त्या तुमच्या आहेत. पोस्ट टाकताना फेसबुकला दिलेली परवानगी वेगळी. त्याने कंपनी मालक होत नाही. बोलणी करताना ही तुमच्या हातातली खरी वस्तू आहे, ती फुकट सोडू नका. चौथी, 'सोडल्यावर दुसऱ्या ग्रुपवर काम करणार नाही'. करार अधिनियमाच्या कलम 27 मुळे असा मज्जाव टिकत नाही. सही मागणाऱ्यांना एवढंच कळवा: 'वाचून, सल्ला घेऊन कळवते.'

पैसे मागायच्या आधी तास मोजा. यात सगळ्यात जास्त चुका होतात. बहुतेक जणी चार्टवरचे दोन तास धरतात. नऊच्या आधी 'जरा बघून घे ना' म्हणून आलेला मेसेज, सकाळी चहाबरोबर उरकलेल्या पेंडिंग पोस्ट, रविवारचा रिपोर्ट, नव्या मॉडरेटरला शिकवलेला वेळ, हे सगळं सुटतं. सहाही जणींनी एकाच पद्धतीने दोन आठवडे नोंद ठेवा. तारीख, सुरू, बंद, काय केलं, कोणी सांगितलं, एवढे पाच रकाने पुरेत. नोंद अशी असावी: 'मंगळवार, 10:40 ते 11:25. दोन महिन्यांच्या बाळाला 101 ताप, आईने औषधाचा डोस विचारला. डोस सांगणाऱ्या 7 कमेंट काढल्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे लगेच डॉक्टर, अशी कमेंट सगळ्यात वर ठेवली. आईशी इनबॉक्सात बोलले, दवाखान्यात पोचल्याचं कळेपर्यंत थांबले. चार्टनुसार ड्युटी, वर 25 मिनिटं.' अशा दहा नोंदी वाचल्यावर 'टाइमपास म्हणून करता ना?' असं कोणी विचारू शकत नाही. मंजूर केलेल्या, नाकारलेल्या पोस्ट आणि काढलेले सदस्य ग्रुपच्या ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये वेळेसकट दिसतात. नोंद त्याच्याशी ताडून घ्या. मॉडरेटरपद गेलं की तो लॉग दिसत नाही, म्हणून मागणीचं पत्र पाठवायच्या आधी आपापल्या कृतींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात आयांची नावं, फोटो, बाळाच्या आजाराचा तपशील झाका. ती माहिती तुमची नाही, आणि ती बाहेर गेली तर कंपनीच्या हाती आयतं कोलीत द्याल.

हिशेब सोपा आहे. सहा जणी, दिवसाला दोन तास, सात दिवस: आठवड्याचे 84 तास. पूर्णवेळ माणसाचा आठवडा 48 तासांचा धरला तर हे पावणेदोन माणसांचं काम झालं, तेही चार्टवरचंच. 'आमच्या मेहनतीची कदर करा' म्हटलं की कूपन दोन हजारांचं होतं. 'तुम्ही पावणेदोन माणसं फुकट वापरताय' म्हटलं की विषय कंपनीच्या हिशेबनीसापर्यंत जातो.

मागणी सहा जणींच्या सहीने, ईमेलवर, कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पाठवा. मॉडरेटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. तिथे ॲडमिन आहेत आणि ग्रुपचा ॲडमिन कोणाचाही मेसेज उडवू शकतो. मजकूर साधारण असा:

"आम्ही खालील सह्या करणाऱ्या सहा जणी आपल्या ग्रुपवर मॉडरेटर म्हणून काम करतो. कामाच्या वेळा, रजा आणि कामाची पद्धत कंपनी ठरवते. सोबत दोन आठवड्यांची तासांची नोंद जोडली आहे. पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून हे काम आम्ही विनामूल्य करणार नाही. आमच्या मागण्या: ताशी ठरावीक मोबदला, महिन्याच्या 7 तारखेपर्यंत बँक खात्यात; आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी; रात्री अकरानंतर काम नाही; धमकी वा छळाची तक्रार आल्यास कंपनीने स्वतः पोलिसांत जाणे. चर्चेसाठी आमच्या वतीने दोघी जणी येतील. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे."

ताशी आकडा ठरवताना किमान वेतनाचा दर तळाला धरा, पण मागणी त्याच्या वर ठेवा. तुमच्या कंपनीत ग्राहकसेवेच्या फोनवर बसणाऱ्याला काय मिळतं ते शोधा. काम त्याच जातीचं आहे, आणि ते कौशल्याचं नाही असं म्हणायला कंपनीला जड जाईल. अमेरिकेतल्या मैत्रिणीने पैसे स्वीकारण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारायलाच हवं. व्हिसावर कामाची परवानगी नसेल तर महिन्याच्या थोड्या रकमेसाठी मोठं संकट ओढवेल. तिने पत्रावर सही करावी, पण मोबदल्याच्या कलमातून तिचं नाव तूर्त वेगळं ठेवा.

पत्रानंतर काय करू नये, ते 2023 च्या जूनने दाखवलं आहे. रेडिटने बाहेरच्या ॲपसाठी जबर दर लावले तेव्हा हजारो समूह मॉडरेटरांनी कुलूपबंद केले. दोन दिवस मोठा गाजावाजा झाला. मग कंपनीने कळवलं की समूह उघडा, नाहीतर दुसरे मॉडरेटर नेमू. काही ठिकाणी जुने काढलेही. दर काही उतरले नाहीत. किल्ली शेवटी कंपनीकडे होती. त्याच महिन्यात स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटच्या मॉडरेटरांनी एआयने लिहिलेल्या उत्तरांच्या धोरणावरून संप केला, तो वेगळा होता. मागण्यांचं जाहीर पत्र, काम थांबवणं पण मोडतोड नाही, बोलणी करायला प्रतिनिधी नेमलेले. ऑगस्टमध्ये तो वाटाघाटींनी मिटला आणि धोरण बदललं. तुम्हीही ग्रुप बंद पाडू नका, नियम ढिले सोडू नका, जाहिरातखोरांना मोकळं रान देऊ नका. त्या पोस्टच्या पलीकडे रात्री अकराला घाबरलेली एक आई असते. एक तारखेला मोबदला ठरला नसेल तर चार्टवरची नावं काढून घ्या, इतकंच. तुमच्या जागी कंपनीला पगारी माणूस बसवावा लागला, तर तुमच्या कामाची किंमत तिनेच ठरवली असं होईल, आणि तो आकडा पुढे तुमच्या दाव्यात वापरता येईल.

पत्रातली एक गोष्ट पगारापेक्षा तातडीची आहे: ऑफरच्या पोस्ट पिन करणं. त्या दुधाची पावडर, दुधाची बाटली किंवा दोन वर्षांच्या आतल्या बाळांचं तयार अन्न यांच्या असतील तर लगेच थांबा. 1992 चा शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या व शिशुअन्न कायदा (2003 ची दुरुस्ती धरून) अशा जाहिरातीला सरसकट बंदी घालतो, आणि ती बंदी 'कोणतीही व्यक्ती' म्हणून आहे. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणारीही त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनी पैसे कमावते आणि पिन तुमच्या नावाने लागते. ॲडमिनना लेखी कळवा की अशा पोस्ट तुम्ही पिन करणार नाही. वस्तूंबद्दलच्या खऱ्या तक्रारी उडवण्यालाही नकार द्या. पाळण्याचा खिळा सैल आहे असं एखादी आई सांगत असेल तर ती पोस्ट दिसायलाच हवी.

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची भीती त्या मानाने कमी बाळगा. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, ग्रुप ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात म्हटलं. फरक असा की तुमच्याकडे पोस्ट आधी मंजूर होतात. मंजूर करणं ही तुमची स्वतःची कृती ठरू शकते, म्हणून बदनामीच्या वा जातिधर्मावरून डिवचणाऱ्या पोस्टवर शंका असेल तर बटण दाबू नका, ॲडमिनकडे ढकला. आयांनी भाबडेपणाने टाकलेले अंघोळीचे उघडे फोटो नाकारा आणि कारण प्रेमाने सांगा. मुलांच्या लैंगिक शोषणाचं काही आलं तर मात्र ते सेव्ह करू नका, स्क्रीनशॉट काढू नका, 'हे बघा काय आलंय' म्हणून मॉडरेटरांच्या ग्रुपवर तर मुळीच पाठवू नका. जवळ ठेवणं आणि पाठवणं हेच पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आणि आयटी कायद्याखाली गुन्हे आहेत. प्रोफाइलची लिंक, वेळ आणि काय दिसलं ते शब्दांत लिहून ठेवा, फेसबुकला रिपोर्ट करा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यात कळवा. पॉक्सोच्या कलम 19 नुसार कळवणं हे तुमचं कर्तव्यच आहे. पुढे साक्षीदार म्हणून पोलिसांनी बोलावलं तर महिलेला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, जबाब घरी घेता येतो.

धमक्यांबद्दल 'ब्लॉक करा' हे उत्तर पुरेसं नाही आणि कंपनीला ते शोभतही नाही. चॅट डिलीट करू नका. त्या माणसाचं प्रोफाइल, त्याची लिंक, प्रत्येक मेसेजची वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, वरपासून खालपर्यंत सरकवत एक स्क्रीन रेकॉर्डिंगही करा, मग ब्लॉक करा. भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम 78 आहे आणि गुन्हेगारी धाकदपटशासाठी कलम 351. कोणत्याही पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. 'तो माणूस आमच्या हद्दीतला नाही' हे कारण चालत नाही.

आणि एक कायदा असा आहे ज्यात पगार नसणं आडवं येत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यात कर्मचारी या व्याख्येत 'मोबदला मिळो वा न मिळो' आणि 'स्वेच्छेने काम करणारी' हे स्पष्ट लिहिलं आहे. छळ करणारा कंपनीचा माणूस नसला तरी, पीडितेची इच्छा असेल तर त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू करायला मदत करणं आणि कामाच्या संपर्कात येणाऱ्या लोकांपासून सुरक्षित वातावरण देणं हे कलम 19 नुसार मालकाचं कर्तव्य आहे. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्या. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत घटनेपासून तीन महिने. तुमचा एक गेलाय. ऑनलाइन ग्रुप हे कामाचं ठिकाण नाही असा वाद कंपनी घालेल. तो समितीपुढे घालू दे, तुमची तक्रार मुदतीत दाखल झालेली असली पाहिजे. पैशाच्या मागणीचं पत्र आणि ही तक्रार एकत्र करू नका. एकत्र केलीत की 'पैशासाठी आरोप' असं म्हणायला जागा मिळते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. फोन 15100. जाताना ड्युटी चार्ट, तासांच्या नोंदी, सही न केलेला करार आणि पाठवलेला ईमेल, एवढ्याच्या प्रती घेऊन जा.

सोडायचं ठरलं तर: ईमेलवर तारीख कळवा, पेंडिंग पोस्ट त्या दिवसापर्यंतच्या निकाली काढा, तापाच्या किंवा रडण्याच्या ज्या आयांशी इनबॉक्सात बोलणं चालू आहे त्यांना दुसरं कोण बघेल ते सांगा. कंपनीचं कुठलं सामायिक लॉगिन तुमच्या फोनवर असेल तर लॉगआउट करून तसं लिहून कळवा. पासवर्ड अडवून ठेवलात तर गुन्हा तुमच्या अंगावर येईल. तुम्ही लिहिलेल्या माहितीच्या पोस्टची प्रत तुमच्याकडे घ्या आणि 'या मजकुराचे हक्क माझे आहेत, वापर सुरू ठेवायचा असल्यास माझ्या नावाने आणि लेखी परवानगीने' हे त्याच ईमेलमध्ये लिहा. मग सदस्यांच्या यादीत जाऊन मॉडरेटरपद स्वतःच सोडा, कोणी काढायची वाट बघू नका. निरोपाची पोस्ट टाकायची असेल तर ती त्यानंतर, साधी सदस्य म्हणून टाका. मंजूर करायची की नाही ते मग कंपनीच्या पगारी माणसाला ठरवू द्या.